थोराड जातीचे कुत्रे आणि त्याचे आरोग्य

आदिलाबाद जिल्ह्याला कुत्र्याचा सहवास नवा नाही. पैनगंगेच्या काठची शेते, उटनूरकडील गोंड आणि कोलाम लोकांची वस्ती, धनगरांची मेंढरे, कापसाच्या गंजी, या साऱ्यांची राखण कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. मात्र तो कुत्रा येथल्याच मातीतला असे. त्याचे अंग बेताचे, केस आखूड आणि भूक मिळेल त्यावर भागणारी. ऊन वाढले की ओढ्याच्या वाळूत किंवा चिंचेच्या बुंध्याशी खड्डा उकरून तो स्वस्थ पडून राही. त्याच्या आरोग्याची निराळी चिंता कोणी केली नाही, आणि फारशी करावीही लागली नाही.

अलीकडे हे चित्र पालटू लागले आहे. आता घरांच्या फाटकांआड अल्सेशियन, लॅब्रॅडोर, रॉटवायलर, क्वचित ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड अशी थोराड जातीची कुत्री दिसतात. घरी आणताना पिल्लू कडेवर सहज बसते. वर्षभरात ते घरातल्या थोरल्या मुलाच्या वजनाला येऊन पोचते. घेणाऱ्याने जात पाहिलेली असते, रंग पाहिलेला असतो, किंमतीची घासाघीसही केलेली असते. पण या देहाला काय मानवते आणि काय मानवत नाही, याची चौकशी बहुधा कुत्रा आजारी पडल्यानंतरच सुरू होते. ती चौकशी आधी व्हावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात ठेवावी. थोराड कुत्रा म्हणजे लहान कुत्र्याची मोठी आवृत्ती नव्हे. त्याच्या पुष्कळशा दुखण्यांचे मूळ त्याच्या देहाच्या आकारातच असते. आणि ती दुखणी औषधाच्या बाटलीने टळण्यापेक्षा मालकाच्या संयमाने अधिक टळतात. जात निवडताना संयम, खाऊ घालताना संयम, पळविताना संयम. हा शब्द मी वारंवार उच्चारला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

प्रथम जातीच्या निवडीविषयी. प्रत्येक जातीला एक जन्मभूमी असते आणि त्या भूमीचे हवामान तिच्या अंगात मुरलेले असते. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर आल्प्स पर्वतात सुमारे २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. अकराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापन केली, आणि पुढे तेथील धर्मबंधूंनी बर्फात हरवलेल्या प्रवाशांचा माग काढणारी कुत्री पाळली. १८०० साली जन्मलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचविले, अशी तेथील परंपरा सांगते. त्याचा देह बर्न येथील वस्तुसंग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे. सेंट बर्नार्ड ही जात त्या खिंडीची. लॅब्रॅडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गोठणाऱ्या पाण्यात उड्या घेत. अल्सेशियन म्हणजे जर्मन मेंढपाळांचा कुत्रा; कॅप्टन माक्स फॉन श्टेफानिट्स या गृहस्थाने १८९९ साली त्याची जात बांधली. या सर्वांच्या अंगावर दुहेरी केसांचे आवरण आहे, आणि ते थंडीसाठी आहे. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, हे आपणांस सांगावयास नकोच.

बर्फातील धर्मशाळेचा हा पाहुणा आदिलाबादच्या पत्र्याच्या पडवीत साखळीने बांधला, तर त्याचे काय होते? येथे शाळेतील गणित उपयोगी पडते. एक वीत बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ सहा चौरस विती आणि घनफळ एक घनवीत. आता दोन विती बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ चोवीस झाले, म्हणजे चौपट. परंतु घनफळ आठ झाले, म्हणजे आठपट. देहाचेही तसेच आहे. उष्णता निर्माण होते ती मांसाच्या साऱ्या वस्तुमानात, आणि बाहेर पडते ती पृष्ठभागातून. देह जसजसा थोर होतो, तसतशी आतली उष्णता अधिक आणि ती बाहेर पडण्याची वाट त्या मानाने अरुंद होत जाते. सायंकाळी वाटेवरचा खडा लवकर निवतो आणि शेतातला मोठा धोंडा रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, त्याचे कारण हेच.

त्यात कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. थोडा घाम पंजांच्या गाद्यांना येतो, बाकीची भिस्त सारी धापेवर. जीभ बाहेर काढून तो जोरजोराने श्वास घेतो. तोंडातील व श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन उडतो आणि रक्त निवते. हवा कोरडी असेल तर ही युक्ती चांगली चालते. पण हवेत दमटपणा असेल तर ओलावा उडत नाही. म्हणून मृगाच्या आगेमागे, पारा थोडा उतरलेला असूनही आभाळ भरून आले आहे आणि वारा पडला आहे, असे जे दिवस येतात, ते थोराड कुत्र्याला मे महिन्याइतकेच घातक ठरतात. आपला वाळ्याचा कूलर त्या दिवसांत निरुपयोगी होतो. कुत्र्याचा कूलरही त्याच कारणाने निरुपयोगी होतो.

कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते ४१ अंशांच्या वर गेले म्हणजे प्राणावर बेतते. धाप थांबत नाही, लाळ दाट होते, हिरड्या लालभडक होतात, चाल अडखळते, उलटी होते आणि अखेर कुत्रा कोसळतो. अशा वेळी करावयाचा उपाय सोपा आहे, पण त्याचा क्रम चुकू नये. आधी गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. सावलीत घेऊन अंगावर, विशेषतः पोट, काखा आणि जांघा यांवर पाणी ओतत राहावे, पंखा लावावा किंवा सुपाने वारा घालावा. ओले पोते अंगावर पांघरून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात ते गरम होऊन उष्णता कोंडते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात बळेच पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाते. कुत्रा सावध झालासा दिसला तरी पशुवैद्याकडे न्यावेच. आतील इंद्रियांना झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते.

अर्थात ही वेळ येऊच नये. पत्र्याखाली आणि सिमेंटच्या गच्चीवर थोराड कुत्रा उन्हाळ्यात कधीही बांधू नये. कवेलूचे छप्पर, सारवलेली भुई, निंबाची दाट सावली, पाण्याची दोन पसरट भांडी, एक लवंडले तरी दुसरे शाबूत राहावे म्हणून, एवढी सोय पुष्कळ आहे. फिरवावयाचे ते सूर्योदयापूर्वी किंवा रात्री रस्ता निवल्यावर. रस्ता निवला की नाही हे पाहण्यास हाताची पालथी बाजू क्षणभर डांबरावर टेकवावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. दाट केसांच्या कुत्र्याचे सारे केस भादरून टाकू नयेत. त्या आवरणाने ऊनही अडते. रोज फणी करून आतील गळालेले केस काढले म्हणजे वारा खेळतो.

ज्यांना उंचापुरा कुत्रा हवा आहे, पण उन्हाची ही काळजी झेपणारी नाही, त्यांनी आपल्या दख्खनच्या कुत्र्याकडे पाहावे. आपण त्याला कारवानी म्हणतो, मऊ लांब केसांच्या वाणाला पश्मी म्हणतात, आणि कर्नाटकात मुधोळ संस्थानाच्या नावाने तो ओळखला जातो. मुधोळच्या घोरपडे राजांनी या वाणाला आश्रय दिला. २००५ साली भारताच्या टपाल खात्याने ज्या चार देशी जातींच्या कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. उंचीने तो भरतो, पण वजनाने हलका. केस आखूड, पाय लांब, छाती खोल. दख्खनचे ऊन त्याच्या कित्येक पिढ्यांनी पचविले आहे. मात्र तो धावण्यासाठी जन्मलेला आहे. त्याला दिवसभर खुंटीला बांधणे हाही एक छळच. शिवाय त्याला रानात ससा किंवा हरीण यांच्यामागे सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नये.

आता पिल्लाच्या वाढीकडे वळू. माणसाचे मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होते. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः सुमारे अर्ध्या किलोचे असते आणि वर्षभरात पन्नास किलोच्या घरात जाते. म्हणजे सुमारे शंभरपट. एवढ्या वेगाने बांधल्या जाणाऱ्या इमारतीच्या पायात थोडी चूक राहिली तरी ती पुढे भिंतीत दिसते. हाडे अजून कोवळी आणि त्यांच्यावर मांसाचा भार मात्र दिवसेंदिवस वाढता. सांधा नीट बसत नाही, खुब्याची वाटी उथळ राहते, आणि हाडाचे डोके तिच्यात डळमळू लागते. हा खुब्याचा विकार कुत्र्यांत प्रथम १९३५ साली अमेरिकेत वर्णिला गेला. त्याचा काही भाग आनुवंशिक आहे, म्हणून पिल्लू घेताना त्याचे आईबाप चालताना पाहावेत. शक्य असेल तर त्यांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. पण उरलेला भाग आपल्या हातांत आहे.

येथे आपल्या लोकांची एक समजूत फार नुकसान करते. पिल्लू मोठ्या जातीचे, म्हणून त्याला कॅल्शियम पुष्कळ हवे, असे मानून मालक औषधाच्या दुकानातून बाटल्या आणतो आणि चमच्यामागून चमचे पाजतो. हॉलंडमधील उट्रेख्ट विद्यापीठात हाझेविंकल या पशुवैद्याने १९८० नंतरच्या काळात ग्रेट डेनच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले, की अतिरिक्त कॅल्शियमाने हाडे बळकट न होता त्यांची घडणच बिघडते. मोठा कुत्रा नको असलेले कॅल्शियम बाहेर टाकू शकतो. कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला ते अडविता येत नाही. तेव्हा थोराड जातीच्या पिल्लांसाठी तयार केलेले संतुलित अन्न देत असाल, तर वरून कॅल्शियमाचा एक थेंबही देऊ नये. याउलट केवळ घरची भाकरी, भात किंवा नुसते मांस देत असाल, तर कॅल्शियम कमी पडते आणि हाडे मऊ राहतात. अशा वेळी ते लागते, पण किती, ते पशुवैद्याने वजन पाहून सांगावे. आपण अंदाजाने ठरवू नये.

दुसरी गोष्ट भुईची आणि व्यायामाची. नॉर्वेमध्ये थोराड जातींच्या पिल्लांवर झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असा, की जी पिल्ले तीन महिन्यांच्या आत जिन्यावर चढउतार करीत, त्यांच्यात खुब्याचा विकार अधिक आढळला. आणि जी शेतावर जन्मली किंवा मऊ जमिनीवर मोकळी बागडली, त्यांच्यात तो कमी आढळला. म्हणजे या एका बाबतीत आपल्या शेतावरचे मातीचे अंगण शहरातील चकचकीत फरशीपेक्षा श्रेष्ठ ठरते. गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय फाकतात. तेथे निदान गोणपाट अंथरावे. पिल्लाला मनाला येईल तसे खेळू द्यावे आणि थकले की झोपू द्यावे. परंतु मोटारसायकलला दोरी बांधून त्याला मागे पळविण्याची जी रीत कित्येक तरुणांत आढळते, ती सर्वथा त्याज्य होय. वर्ष-दीड वर्षापर्यंत, म्हणजे हाडे पक्की होईपर्यंत, सक्तीची दौड आणि उंचावरून उड्या वर्ज्य समजाव्यात. नर किंवा मादी यांचे निर्बीजीकरण करावयाचे असल्यास तेही थोराड जातीत फार लवकर न करता, योग्य वय पशुवैद्याला विचारून ठरवावे. कारण हाडांची वाढ आटोपती होण्यात त्या ग्रंथींचा वाटा असतो.

आता अन्नाच्या प्रमाणाविषयी. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढणे हे प्रेमाचे लक्षण, आणि कुत्रा गुबगुबीत असणे हे घराच्या सुबत्तेचे लक्षण मानले जाते. या समजुतीला २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने चोख उत्तर दिले आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्ले घेतली, एकाच वेतातील दोन-दोनांच्या जोड्या लावल्या. जोडीतील एकाला जितके अन्न दिले, त्याच्या तीनचतुर्थांश दुसऱ्याला दिले. अन्न तेच, केवळ माप कमी. आणि हा क्रम त्यांच्या आयुष्यभर चालविला. भरपूर खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे भरले. कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. जवळजवळ दोन वर्षांचा फरक! शिवाय सांध्यांचा संधिवात कमी खाणाऱ्यांत उशिरा आणि सौम्य आला. जगातील कोणत्याही औषधाच्या बाटलीने लॅब्रॅडोरला दोन वर्षे दिल्याचे ऐकिवात नाही. ती ताटातील चतकोर भाकरीने दिली.

माप बरोबर आहे की नाही हे पाहण्यास तराजूची गरज नाही. आपली मूठ वळून दुसऱ्या हाताने बोटांची पेरे चाचपा. कुत्र्याच्या बरगड्या तशा टोचत असतील तर तो खंगलेला आहे. तळहात उघडून बोटांच्या मुळाशी चाचपा. बरगड्या तशा मांसात बुडाल्या असतील तर तो स्थूल आहे. हात पालथा धरून मागची बाजू चाचपा. हाडे हाताला लागतात, पण टोचत नाहीत. बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. महिन्यातून एकदा ही परीक्षा घरातील मुलांकडूनही करून घेता येईल.

अन्न काय द्यावे? ज्वारीची भाकरी आणि दूध एवढ्यावर थोराड कुत्रा वाढत नाही. त्याला मांस, अंडी किंवा मासळी यांतील प्रथिने हवीत. भाकरी-भात त्यांच्या जोडीला चालेल. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. घरातील उरलेला मटणाचा रस्सा देताना सावध असावे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडांना बाधतात. चॉकलेट विषारी आहे. शिजलेले हाड फुटून त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. आणि कुत्रा लंगडतो म्हणून आपल्या दुखण्याची गोळी त्याला कधीही देऊ नये. माणसाला सोसणाऱ्या कित्येक वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या जिवावर उठतात.

यानंतर ज्या दुखण्याविषयी प्रत्येक मालकाला माहिती असलीच पाहिजे, त्याचे नाव जठराला पीळ पडणे. खोल छातीच्या थोराड कुत्र्यात जठर वायूने फुगते आणि फुगता फुगता स्वतःभोवती फिरते. मग वरचा आणि खालचा असे दोन्ही मार्ग बंद होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि काही तासांत धडधाकट कुत्रा दगावतो. ग्रेट डेनमध्ये हा धोका सर्वांत अधिक; पण अल्सेशियन, सेंट बर्नार्ड, इतकेच काय, खोल छातीचा आपला कारवानीसुद्धा यातून सर्वस्वी सुटलेला नाही. लक्षणे अशी: कुत्रा अस्वस्थ होऊन येरझारा घालतो, उलटीचा उमाळा वारंवार येतो, पण फेसाखेरीज काही पडत नाही, पोट बरगड्यांच्या मागे नगाऱ्यासारखे ताणते, लाळ गळते, हिरड्या फिकट पडतात. उलटी कोरडी आणि पोट फुगलेले, ही जोडी दिसली की ओवा, सोडा, हिंगाचे पाणी यांत घटका घालवू नये. यावर घरगुती उपाय नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. म्हणून ही शस्त्रक्रिया आपल्या जवळ कोठे होऊ शकते, याची चौकशी कुत्रा धडधाकट असतानाच करून ठेवावी आणि तो पत्ता भिंतीवर लिहून ठेवावा. आपल्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यात हे विशेष अगत्याचे आहे. नागपूर किंवा हैदराबाद येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठण्यास लागणारे तास हे त्या कुत्र्याच्या हातात असलेले तास असतीलच असे नाही.

प्रतिबंध थोडाफार करता येतो. सारे अन्न एकदाच न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे. खाण्यापूर्वी व खाल्ल्यानंतर तासभर धावपळ करू देऊ नये. बकाबका खाणाऱ्याच्या ताटात एखादा मोठा गुळगुळीत गोटा ठेवावा, म्हणजे त्याला सावकाश खावे लागते. गोटा गिळता येणार नाही एवढा मोठा हवा. ताट उंच चौरंगावर ठेवावे, असा एक सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच ताटात खाणाऱ्या कुत्र्यांत हा आजार उलट अधिक आढळला, तेव्हा ताट भुईवरच बरे. ज्या कुत्र्याच्या आईबापांना किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, त्याचे जठर आधीच पोटाच्या भिंतीला टाके घालून स्थिर करण्याची शस्त्रक्रियाही आहे.

पावसाळा लागला की गोचिडांचा सुकाळ होतो. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड केवळ अंगावर राहत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या फटीत, खाटेच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणून अंगावरच्या वेचल्या तरी पंधरवड्याने पुन्हा त्या तितक्याच दिसतात. या गोचिडांमार्फत बबेसिया आणि एर्लिकिया हे जंतू रक्तात शिरतात. ताप येतो, कुत्रा अन्न सोडतो, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी कॉफीसारखी काळसर होते, क्वचित नाकातून रक्त येते. वेळीच रक्त तपासून औषध सुरू केले तर बहुतेक कुत्री बरी होतात. आठवडाभर वाट पाहिली तर पुष्कळ दगावतात.

येथे कापूस पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याला एक विनंती करावयाची आहे. गोचिडी मारण्यासाठी शेतावरील फवारणीचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला त्याने न्हाऊ घालण्याचा प्रकार कोणीही करू नये. कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जाते. ते कातडीतूनही भिनते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले, ती घटना आपण विसरलेलो नाही. जे विष धडधाकट माणसाला मारते, ते कुत्र्याला कसे सोसेल? आणि त्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकणाऱ्या आपल्या मुलांना तरी ते कसे सोसेल? रॉकेल आणि इंजिनाचे जळके तेल यांचीही तीच कथा. कुत्र्यासाठी तयार केलेले औषध पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे वापरावे, आणि त्याच दिवशी भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढावे.

लसीविषयी थोडक्यात सांगतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले म्हणजे डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांवरील लसींना प्रारंभ करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत त्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्यात. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरा या जंतूवरील लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. आणि तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळ रोगाची लस, मग पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे तिची पुनरावृत्ती. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी जगात पिसाळ रोगाने मरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे भारतात मरतात. जातिवंत कुत्र्याला हा रोग होत नाही, ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. कोणत्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काहीही भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लसीचा संबंध आपल्या रानाशीही आहे. डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यापासून वाघ-सिंहांकडे जातो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात या रोगाने सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या घरात सिंह दगावले; २०१८ साली गीरमध्येही वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतील काहींत हाच विषाणू सापडला. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले, पण कवाल व्याघ्र प्रकल्पाचे रान त्यांच्यात सलग पसरलेले आहे, आणि पैनगंगेपलीकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे. वाघ जिल्ह्याची सीमा पाहून चालत नाही. रानाकाठच्या गावातील कुत्र्याला टोचलेली लस अशा रीतीने त्या वाघाचेही रक्षण करते.

शेवटी वार्धक्याचा विचार. थोराड कुत्रा लवकर म्हातारा होतो. कोर्नेलिया क्राउस या जर्मन विदुषीने २०१३ साली हजारो कुत्र्यांच्या नोंदी पडताळून असे दाखविले, की देहाच्या वजनात दर दोन किलोंच्या वाढीमागे आयुष्य सुमारे एक महिन्याने घटते. लहानखुरा कुत्रा चौदा-पंधरा वर्षे सोबत करतो. ग्रेट डेन आठव्या वर्षी वृद्ध असतो. सहाव्या-सातव्या वर्षापासून त्याला वर्षातून दोनदा तपासून घ्यावे. आपल्याकडे हिवाळ्याची रात्रही कडक असते. थंड फरशीवर पडून त्याची कोपरे सोलवटतात आणि सांधे आखडतात. जाड गोणपाटात सरकी काढलेला कापूस भरून केलेली गादी आपल्या जिल्ह्यात कोणाला महाग पडणार नाही. सकाळी उठताना त्याला वेळ लागला तर हाका मारून घाई करू नये. चार पावले त्याच्या चालीने चालावे.

श्रोतेहो, कुत्रा आपल्याकडे बोलून काही मागत नाही. जे वाढाल ते खातो, जेथे बांधाल तेथे राहतो, आणि पळवाल तितका ऊर फुटेपर्यंत पळतो. तो स्वतः संयम पाळू शकत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा संयम आपण पाळावयाचा असतो. पिल्लू घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत: मे महिन्यात याला सावली कोठे देणार? याचे अन्न मोजून कोण घालणार? रात्री-अपरात्री याला दवाखान्यात कोण नेणार? आणि हा म्हातारा झाल्यावर याच्या चालीने कोण चालणार? चारही प्रश्नांना घरातील एखाद्या माणसाचे नाव उत्तर म्हणून मिळाले, तर खुशाल थोराड कुत्रा पाळावा. नाव मिळाले नाही, तर दाराशी येणाऱ्या गावच्या कुत्र्याला लस टोचून भाकरी घालावी. तोही तितक्याच निष्ठेने राखण करील.